आत्याच्या अभ्यासिकेतला प्रिंटर

आत्या, तुला जाऊन सतरा दिवस झाले आणि त्यातले निम्मे दिवस मी तुझ्यावर चिडलेली होते. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं बोलता येईल.

पुण्यानुमोदनाला विहार भरलं होतं. सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. इतकं चांगलं, की तू असतीस तर चपला शोधत निघून गेली असतीस. ‘मितभाषी’ म्हणाले तुला! मी आणि आई एकमेकींकडे बघत राहिलो. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात बत्तीस वर्षं वायरिंग तपासणारी बाई, जिच्यापुढे इंजिनियर लोक वायरचा जोड दाखवायला घाबरायचे, ती मितभाषी? आम्ही मान डोलावली. अशा वेळी कुठे भांडायचं?

एकजणही तुझ्या लिनक्सबद्दल बोलला नाही. गांगुर्डे काका तेवढे म्हणाले, “लीलाताईंनी अभ्यासिकेतले संगणक सांभाळले.” सांभाळले! जसं काही तू रोज त्यांच्यावरची धूळ पुसत होतीस.

आणि बरोबर तीन दिवसांनी, बुधवारी, विहाराच्या अभ्यासिकेतला प्रिंटर बंद पडला.

मला वाटलं, झालं, हासुद्धा दुखवट्यात गेला. पण गुरुवारी काका घरी आले. विहाराच्या समितीचे अध्यक्ष म्हणून आले, कारण चहा नको म्हणाले. “सुषमा, वाईट वाटून घेऊ नको. पण रविवारी मीटिंग आहे, त्यात विषय घेतोय. ते पाचही संगणक काढून टाकू. तुझ्या आत्याशिवाय कुणाला त्यातलं काही कळत नाही. साधं नेहमीचं विंडोज टाकायचं म्हटलं तर ते इतके जुने आहेत, की त्यांना झेपणार नाही, असं दुकानवाला म्हणतो. प्रिंटर नाही तर अभ्यासाला येणाऱ्या पोरी तिथे करतील काय?”

मी विचारलं, “काढून म्हणजे कुठे?”

“भंगारात. आणखी कुठे?”

ते गेल्यावर मला तुझाच राग आला. एवढा पसारा मांडायचा आणि मधेच उठून जायचं, ही कुठली रीत?

तुला आठवतं, ते संगणक आले तो दिवस? अंबडच्या एका कंपनीनं जुने म्हणून काढले आणि टेम्पोनं विहारात आणून टाकले. एक सुरू केला तर पडदा यायला इतका वेळ, की तेवढ्यात काकांचं भाषण होऊन गेलं. सगळे म्हणाले, परत पाठवा. तू मात्र पदर खोचून त्याचं झाकण उघडून बसलीस. “यंत्र चांगलं आहे गं. याच्या डोक्यावरचं ओझं जास्त आहे.” कारखान्यातल्या तुझ्या एका जुन्या सहकाऱ्यानं तुला पेनड्राइव्हवर विंडोजच्या जागी चालणारं, हलकं आणि फुकटचं लिनक्स दिलं होतं. ते तू एकेका संगणकावर चढवलंस आणि ते म्हातारे खरोखर चालायला लागले. मी तेव्हा तोंड वाकडं केलं होतं. चाळिशीतली मी, दिवसभर पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये संगणकासमोर बसणारी, आणि रिटायर झालेली माझी आत्या मला काळ्या खिडकीत अक्षरं टाइप करून दाखवत होती. कसं सहन होणार?

संगणक चालला म्हणजे संपलं, असं मला वाटलेलं. पण खरा डोक्याला ताप त्याला जोडायच्या वस्तूंचा होता. वायफायची ती बोटाएवढी काडी तर तीन आठवडे तुझ्याशी बोललीच नाही. पुढे बोलायला लागली तरी दर अपडेटनंतर रुसायची. तू तिच्यासाठी कुठून कुठून काय काय उतरवून आणायचीस, चार ओळी टाइप करायचीस आणि म्हणायचीस, “आली बाई लाइनीवर.” वेबकॅमवर सगळ्यांचे चेहरे हिरवे दिसायचे. एका पेनड्राइव्हमध्ये मराठी नावांच्या जागी नुसते प्रश्नचिन्हांचे ढीग. तू हरेकापुढे बैठक मारलीस.

आणि तो ब्लूटूथचा स्पीकर! वंदनेसाठी हॉलमध्ये ठेवलेला. तू तो अभ्यासिकेतल्या संगणकाला जोडून दिलास आणि मोठ्या ऐटीत मागे जाऊन बसलीस. काका बोलायला उभे राहिले. “बंधू आणि भगिनींनो, आपल्या समाजापुढचा खरा प्रश्न कोणता?” तेवढ्यात स्पीकरमधून एक बाई खणखणीत आवाजात म्हणाली, “हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो, वहीत लिहून घ्या.” आत कुणीतरी गणिताचा व्हिडिओ लावला होता आणि आवाज सगळा हॉलमध्ये. लोक हसून हसून आडवे झाले. काकासुद्धा हसले. तू एकटी गंभीर चेहऱ्यानं उठून आत गेलीस, कारण तुझ्या दृष्टीनं तो दोष होता आणि दोष सापडेपर्यंत हसायचं नसतं. घरी आल्यावर मात्र पोट धरून हसलीस.

तुझ्या कामाची एक पद्धत होती. तिच्यावरून तू मला किती छळलंस! आधी वहीत लिहायचं, मग हात लावायचा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एक बदल, मग तपास, मग दुसरा बदल. “दोन गोष्टी एकदम बदलल्यास ना सुषे, तर बरं कशानं झालं ते कधीच कळणार नाही. आमच्याकडे असं केलं असतं तर विमान खाली आलं असतं.” मी म्हणायची, “आत्या, हा प्रिंटर आहे.” तू म्हणायचीस, “पद्धत तीच.”

आता पिंपळगावची गोष्ट. ही मी तुझ्याजवळ कधी नीट काढली नाही.

द्राक्षाचा हंगाम ऐन भरात होता. पॅकहाउसच्या ऑफिसातला संगणक सकाळीच बंद पडला. कंटेनर दारात उभा, पेट्या भरून तयार आणि पेटीवर लावायचं लेबल छापणारा छोटा प्रिंटर नुसता डोळा मिचकावत बसलेला. लेबलाशिवाय पेटी हलत नाही. दुरुस्तीचा माणूस संध्याकाळशिवाय येणार नव्हता. लेबलांचं काम माझ्याकडे, त्यामुळे सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी तुला फोन केला तो रडायलाच केला होता, मदतीसाठी नाही.

तू बसनं आलीस. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप. आमचा सुपरवायझर सोपान मला कानात म्हणाला, “म्याडम, या आजी करत्यात व्हय? लय टाइम नाय आपल्याकडं.” तुला ऐकू गेलं. तू त्याच्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, “फूटपट्टी आहे का?”

त्याला वाटलं, ही मारते की काय!

तुझ्या लॅपटॉपनं तो प्रिंटर ओळखायलाच अर्धा तास गेला. पण लेबल छापलं ते दीड. एकाचं खालचं अर्धं दुसऱ्याच्या डोक्यावर. तू फूटपट्टीनं लेबल मोजलंस, लांबी, रुंदी आणि दोन लेबलांमधली ती बारीकशी फटसुद्धा. मी घाईनं म्हटलं, “आत्या, कागदाचा आकार बदल आणि वेगही कमी कर, एकदम होऊन जाईल.” त्यावर तू सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडलीस. “एका वेळी एक! किती वेळा सांगायचं?” बायका पेट्या सोडून बघायला लागल्या. माझे कान लाल झाले. तू आकडे भरलेस, एक लेबल काढलंस, पुन्हा मोजलंस, एक आकडा किंचित बदललास. आणि मग लेबलं सुटली ती सुटलीच, एकापाठोपाठ एक, सरळ, स्वच्छ. सोपान म्हणाला, “आयला, हाय की हो!” आणि स्वतः जाऊन तुझ्यासाठी चहा घेऊन आला. कंटेनर वेळेवर गेला.

परत येताना बसमध्ये मी तुझ्याशी बोलले नाही. चारचौघांत ओरडलीस म्हणून. पार नाशिक येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. उतरताना तू एवढंच म्हणालीस, “चिडलीस?” मी म्हटलं, “नाही.” तुझे आभार मानायचे राहून गेले ते राहिलेच. त्या दिवशी तू आली नसतीस तर काय झालं असतं, ते मला चांगलं माहीत होतं आणि तरी मी गप्प बसले. आत्या, मला त्याची लाज वाटते.

आपलं दुसरं भांडण त्या पुढच्या पोर्टचं. प्रिंटर ज्या संगणकाला आहे, त्याच्या पुढच्या बाजूला एकच यूएसबी पोर्ट. कधीतरी प्रिंटर तिथे लावून बघितला आणि तो छापेना. तू निकाल दिलास, हा पोर्ट मेला. लगेच त्यावर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावलीस आणि वर पेननं फुली. तुमच्या कारखान्यात म्हणे संशय आलेल्या वस्तूला खूण करून बाजूला ठेवतात आणि मग तिला कुणी हात लावत नाही. मी शंभरदा सांगितलं असेल, “अगं, त्यात लावल्यावर प्रिंटरचा दिवा लागला होता. पोर्ट जिवंत आहे. दुसरं काहीतरी असेल.” तू म्हणायचीस, “दिवा लागणं वेगळं आणि काम करणं वेगळं.” मग मी म्हणायची, “पट्टी काढून एकदा बघूया तरी.” तू म्हणायचीस, “माझ्या माघारी बघ.”

असं कुणी बोलतं का गं?

तसं मीही काही कमी बोलले नाही. दवाखान्यात तू दोन उशांना टेकून बसली होतीस. श्वास पुरत नव्हता, पण विषय तोच. “सुषे, ते सगळं शिकून घे ना. मी नसले तर कोण बघेल?” मी मोसंबी सोलत होते. म्हटलं, “नसलीस तर बघू.” विनोद केला होता मी. तू हसलीससुद्धा. पण ते वाक्य मला अजून रोज आठवतं. सहा वर्षं तू हेच विचारत होतीस आणि मी दर वेळी ‘तू आहेस ना’ म्हणून टाळत होते. त्या दिवशी तेही म्हणता आलं नाही, म्हणून तसं बोलून गेले.

तर शुक्रवारी रजा टाकून मी अभ्यासिकेत जाऊन बसले. तुझी वही समोर. सकाळपासून एका वेळी एकच. केबल बदलली, काही नाही. प्रिंटर बंद करून सुरू केला, काही नाही. संगणक बंद करून सुरू केला, काही नाही. काळी खिडकी उघडून तू वहीत लिहिलेलं ते ‘एलएसयूएसबी’ टाइप केलं. काय काय जोडलंय त्याची यादी आली. कीबोर्ड होता, माउस होता, वायफायची काडी होती. प्रिंटर नव्हता. संगणकाच्या लेखी तो जगातच नव्हता.

शनिवारी मला सुचलं. मागे चार पोर्ट, चारही भरलेले. मी प्रिंटरच्या पोर्टमध्ये माउस लावला. माउस मेला. काढून त्याच्या जागी परत लावला, तर जिवंत झाला. आत्या, तुझा मागचा पोर्टच गेला होता! जो तू इतकी वर्षं सोन्यासारखा जपलास, तोच. आता चार वस्तू आणि मागे तीन पोर्ट. कुणाला तरी पुढे पाठवावंच लागणार होतं. आणि पुढे तुझी पट्टी.

हसू नकोस, पण मी दहा मिनिटं त्या पट्टीकडे बघत बसले. तू गेल्यावर तुझे कपडे वाटताना मला एवढं जड गेलं नव्हतं. शेवटी “माफ कर गं” म्हटलं आणि नखानं उचकटली. प्रिंटर लावला. दिवा लागला. यादी बघितली, यादीत नाव आलं! मी छापायला दिलं.

काही नाही.

तेव्हा मी खुर्चीत मागे टेकले आणि म्हटलं, जिंकलीस बाई. दिवा लागणं वेगळं आणि काम करणं वेगळं. मेल्यावरसुद्धा तुझंच खरं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि खरं सांगू, त्यात थोडं बरंही वाटत होतं. तू बरोबर होतीस म्हणजे अजून कुठेतरी आहेसच, असं काहीतरी.

पण तुझ्या वहीत पुढची पायरी लिहिली होती, म्हणून केली. प्रिंटरचं पान उघडलं. त्याच्या नावापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘पॉज्ड’. तो थांबून राहिला होता. बुधवारी छापणं फसलं तेव्हा संगणकानंच त्याला थांबवून ठेवलं होतं आणि ‘पुन्हा सुरू कर’ असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी ते बटण दाबलं.

आत काहीतरी घरघरलं आणि कागद बाहेर आला. मग दुसरा. मग बुधवारपासून अडकलेलं सगळं, कुणाचा अर्ज, कुणाचं हॉलतिकीट, कुणाच्या नोट्स, सगळं भसाभसा यायला लागलं. मी ट्रेसमोर हात धरून बसले होते, आणि रडत होते की हसत होते ते माझं मलाच कळेना.

मग मी वहीतलं ते जुनं पान काढलं. त्या पट्टीच्या दिवसाचं. तुझ्या सुबक अक्षरात लिहिलंय, ‘कागद अडकला होता, काढला. प्रिंटर पुढच्या पोर्टला लावला. छापत नाही. काढून मागे लावला व पुन्हा सुरू केला. छापला. निष्कर्ष: पुढचा पोर्ट मेला.’

लावला व पुन्हा सुरू केला. आत्या! दोन गोष्टी! एकदम दोन गोष्टी बदलल्यास तू! कागद अडकला तेव्हा तो थांबला होता आणि ‘पुन्हा सुरू’नं बरा झाला होता. पोर्टचा काही संबंध नव्हता. जगाला एका वेळी एक शिकवणाऱ्या माझ्या आत्यानं एकदा, फक्त एकदा, घाई केली, आणि एका निरपराध पोर्टला इतकी वर्षं तोंडावर पट्टी लावून बसवलं.

मी फोन उचलला. खरंच उचलला, तुझं नाव काढलं, आणि मग आठवलं. तू काय म्हणाली असतीस तेही माहीत होतं मला. आधी वहीतलं ते पान मला पुन्हा वाचायला लावलं असतंस. मग म्हणाली असतीस, “त्या दिवशी लाइट जाणार होती, म्हणून घाई झाली.” कबूल तर केलंच नसतंस. ते तुझं कबूल न करणं ऐकायला मी आज काय वाटेल ते दिलं असतं.

काल रविवारी मीटिंग झाली. मी छापलेल्या कागदांचा गठ्ठा काकांपुढे ठेवला. त्यांनी एकेक कागद उलटून बघितला, जसा काही मी बाहेरून छापून आणलाय. मग चष्मा काढला. “चालू झाला, चांगलं झालं. पण सुषमा, आजचं सोड. पुढच्या महिन्यात पुन्हा काहीतरी बंद पडणार. वायफाय जाईल, आवाज जाईल. तेव्हा काय? लीलाताई असत्या तर प्रश्न नव्हता. पोरींचं नुकसान नको म्हणून विचारतोय. कोण बघणार हे सगळं?”

कुणी सतरंजीकडे बघतंय, कुणी पंख्याकडे. मी आधी काही ठरवून आले नव्हते. हंगाम तोंडावर आलाय, पिंपळगावचं जाणं-येणं आहे, सासूबाईंचे गुडघे आहेत, सगळं होतं डोक्यात.

“मी बघणार,” मी म्हटलं.

काकांनी “बरं” म्हटलं आणि पुढचा विषय घेतला. पाण्याच्या टाकीचा. इतकं साधं होतं ते, आत्या. दोन शब्दांचं काम. सहा वर्षं तू हेच दोन शब्द माझ्याकडून मागत होतीस, आणि मी ते दिले, तेव्हा ऐकायला गांगुर्डे काका होते.